निर्वंश

वंशावळ नावाची वस्तू बहुतेक घरांत कोणी वाचीत नाही. ती घरात आहे एवढ्यावरच मंडळींचे समाधान असते. आमच्या घरीही ती देवघरावरच्या फळीवर पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेली होती, आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या साफसफाईत, त्या नळीवरची धूळ झटकली जाई. आमच्या आजोबांनी ती १९३१ साली अमरावतीस स्वहस्ते लिहिली. मूळ पुरुषापासून आपल्या मुलांपर्यंत आठ पिढ्या, टपोरी बाळबोध अक्षरे, प्रत्येक नावाभोवती काळ्या शाईचे वर्तुळ, आणि ज्या शाखा पुढे वाढल्या नाहीत त्यांच्याखाली तांबड्या शाईने एकच शब्द : निर्वंश. असे चार ‘निर्वंश’ त्या कागदावर आहेत. त्यांपैकी एकाविषयी आज लिहावयाचे आहे. कारण तो शब्द खरा नव्हता, आणि तो खरा मानून आम्ही एका सभ्य तरुणास चुकीचे उत्तर पाठविले होते.

२०२१ साली अकोल्याहून त्या तरुणाचे पत्र आले. आजकाल हाताने लिहिलेले पत्र येणे हीच मोठी अपूर्वाई; त्यातून अक्षर वळणदार आणि भाषा अदबीची. त्याच्या पणजीचे माहेर आमच्याच आडनावाचे, दर्यापूर तालुक्यातले होते. तिचे वडील १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात वारले. आई मुलीस घेऊन बार्शीटाकळीकडे आपल्या भावाच्या आश्रयास गेली. एवढी हकीकत त्याच्या घरात चालत आली होती. असा कोणी पुरुष आपल्या घराण्यात होता काय, अशी त्याची पृच्छा होती. आम्ही नळी खाली काढली, कागद उलगडला. आमच्या पणजोबांस एकच धाकटे बंधू, आणि त्यांच्या वर्तुळाखाली तो तांबडा शब्द. आम्ही सहा ओळींचे उत्तर लिहिले : आपण म्हणता तसे कोणी आमच्यात नाही, आपल्या पणजीबाई अन्य घराण्यातील असाव्यात. ‘असाव्यात’ हे केवळ सौजन्य होते. मनात संशयाला जागा नव्हती. आजोबांच्या हातचा कागद, आणि आजोबा म्हणजे मंडईतून आणलेल्या भाजीचा हिशेबही पैपर्यंत लिहून ठेवणारे गृहस्थ!

संशय पहिल्याने आला तो त्र्यंबकेश्वरी. पुढल्या वर्षी एका धर्मकृत्यासाठी तेथे जाणे झाले, आणि आमच्या तीर्थोपाध्यायांनी रिवाजाप्रमाणे लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या पुढे मांडल्या. या वह्यांची रीत वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. यात्रेकरू आला म्हणजे त्याने आपले गाव, बापाचे व आज्याचे नाव, भाऊ, पुतणे, मुलगे सांगावयाचे, खाली सही करावयाची. पुढे त्याच घराण्यातला दुसरा कोणी आला म्हणजे त्याच्या पानाशी नवे पान जुळावयाचे. गया, काशी, नाशिक, पंढरपूर, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच प्रकार. लेकींची नावे त्यांत बहुधा नसतात. त्या दुसऱ्याच्या घरी जावयाच्या, म्हणून बापाच्या पानावर त्यांना जागा नाही. आणि ज्या घरी जातात तेथल्या पानावर त्या कोणाची तरी माता किंवा भार्या म्हणून आल्या तर येतात.

आमच्या पणजोबांचे पान शके १८१८चे, म्हणजे १८९६ सालचे निघाले. अक्षर मोडी, आम्हांस मोडी अर्धवट येते, म्हणून ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचीत गेलो. दोघे बंधू बरोबर आले होते. वडील बंधूंचे चिरंजीव म्हणून आमच्या आजोबांचे नाव, वय वर्षे चार. आणि त्याच्याच खालच्या ओळीत धाकट्या बंधूंच्या नावापुढे : ‘पुत्र एक, तान्हा.’

ज्यास तान्हा पुत्र आहे तो निर्वंश कसा? मूल पुढे गेले असेल, हे उघडच होते; त्या काळी किती घरांत किती मुले गेली याची गणती नाही. परंतु आजोबांनी आपल्या इतर चुलत्यापणत्यांची बालपणी वारलेली मुलेही लहानशा वर्तुळांत घातलेली आहेत. येथे वर्तुळ नव्हते. नेमके येथेच का नव्हते, हा प्रश्न परतीच्या गाडीत मनातून जाईना. आणि पाठविलेल्या पत्रातील ते ‘असाव्यात’ टोचू लागले.

वऱ्हाडात कोण्या कुळाचा माग काढावयाचा म्हणजे वाट सरळ नाही. पुण्याकडच्या माणसास पेशवे दप्तराचा तरी आधार असतो. १९१४ साली आपटे घराण्याचा इतिहास निघाल्यापासून एकामागून एक कुलवृत्तांत छापले गेले. ते पाहून आमच्या आजोबांसही हुरूप आला असावा. पण आमचा मुलूख दोअंमली. निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचा हिस्सा एकाच गावावर. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड येथे भोसल्यांचा पराजय होऊन देवगावचा तह झाला तेव्हा त्यांचा हिस्सा गेला. १८५३ साली निजामाने हा प्रांत फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला. दर वेळी धनी बदलला, दप्तराची भाषा बदलली, आणि कागद कोठे ठेवावयाचे ती जागाही बदलली. फारशी, मोडी, इंग्रजी अशा तीन लिप्यांत आणि हैदराबाद, नागपूर, अमरावती अशा तीन दिशांना एकेका घराचे कागद पांगलेले. यादव माधव काळे यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला, तो आम्ही पुन्हा काढून वाचला. पण इतिहासात सुभेदार असतात, पटवाऱ्याचा धाकटा भाऊ नसतो.

त्याच्यासाठी दुसरे पुस्तक आहे. त्याचे नाव कोतवाल बुक. इंग्रजी अमलात गावात कोणी जन्मले वा मेले म्हणजे कोतवालाने वर्दी द्यावयाची आणि त्याची नोंद व्हावयाची. ती जुनी बुके आज तहसिलींच्या अभिलेखागारांत आहेत. तेथे हल्ली नेहमी गर्दी असते. जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घेण्यासाठी लोकांस आपल्या आजापणजाची नोंद लागते, आणि तिच्या नकलेवर कोणाचे शिक्षण तर कोणाची नोकरी अवलंबून असते. आम्ही चुलत पणजोबांच्या मुलाबाळांसाठी आलो आहोत असे म्हणताच कारकून क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिला. “कशासाठी पाहिजे?” त्याने विचारले. अर्जात त्यासाठी रकाना होता. आम्ही ‘कौटुंबिक’ असे लिहिले. त्याने ते वाचले, हसला, आणि बिचाऱ्याने दोन दिवस खपून आमच्या गावची बुके शोधून दिली.

पाने तंबाखूच्या पानासारखी झालेली. उलटताना श्वास रोखावा लागे. आणि पहिलेच पान उलटताच आम्हांस एक गोष्ट कळली, जी आधीच सुचावयास हवी होती. आमच्या गावच्या पाटलास लिहिणे येत नसे. कोतवालाने सांगावे आणि पटवाऱ्याने लिहावे, अशी तेथली वहिवाट. आणि पटवारी म्हणजे आमचे पणजोबा. सगळे बुक त्यांच्या अक्षरात होते. घरातील जुन्या रोजकीर्दीमुळे ते वळण आम्ही लहानपणापासून ओळखतो.

१८९४ च्या मार्चात त्यांनी आपल्या बंधूंचे नाव, जात, धंदा लिहून पुढे लिहिले होते : मुलगी झाली. १८९६ च्या फेब्रुवारीत : मुलगा झाला. मग चार वर्षे आमच्या घरचे काही नाही. १८९९ चा पावसाळा गेला. त्यानंतरच्या पानांवर मृत्यूच्या नोंदी दाटीने येऊ लागतात, ओळींमधले अंतर कमी होते, शाई पातळ होते. १९०० च्या जून महिन्यात, पाऊस तोंडावर आला असता, पटकीच्या रकान्यात त्यांनी आपल्या सख्ख्या भावाचे नाव लिहिले आहे. चार दिवसांनी, त्याच रकान्यात, त्याच्या मुलाचे. अक्षर कोठेही हललेले नाही. आम्ही फार निरखून पाहिले.

मुलीच्या मृत्यूची नोंद नाही. पुढची सहा वर्षांची पाने आम्ही पाहिली.

आता येथे आमच्या वडिलांची आठवण होणे अपरिहार्य होते. ते अमरावतीस वकिली करीत, आणि वारसाहक्काची प्रकरणे ही त्यांची आवड. धाकट्या भावाच्या नावे गावात पूर्णेच्या बाजूस ११ एकर २० गुंठ्यांचे एक काळ्या जमिनीचे वावर होते. १९०१ पासून ते आमच्या पणजोबांच्या खात्यात दिसते. भाऊ एकत्र कुटुंबातले असतील तर त्यात वावगे काहीच नाही. एक भाऊ गेला, त्याचा मुलगा गेला, मागे राहिलेल्याकडे सर्व आले. पण ते विभक्त झालेले असतील तर मिताक्षरेप्रमाणे हिशेब निराळा होतो. बाप आधी गेला, मुलगा चार दिवसांनी. म्हणजे चार दिवस ते वावर एका चार वर्षांच्या मुलाचे होते. त्याच्यामागून ते त्याच्या आईचे व्हावयास हवे होते, आईची हयात आहे तोवर तरी. ती तर जिवंत होती, आणि बार्शीटाकळीस भावाच्या घरी दळणकांडण करीत होती. भावांची खाती निराळी होती हे पाहणीच्या कागदांवरून दिसते. परंतु खाते निराळे म्हणून वाटणी झालीच असे होत नाही, हे वाक्य आम्ही वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की ते लिहिताना त्यांचाच आवाज कानी येतो. तेव्हा हा दावा कोणत्याही कोर्टात उभा राहिला असता, आणि कदाचित पडला असता. तो कोणी केलाच नाही. त्या वावरातील कापसावर आमचे वडील किंग एडवर्ड कॉलेजात शिकले. १९७४ साली आमच्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी ते विकले.

या दिवसांत आम्ही परदेशी कुलसंशोधनाचे पुष्कळ वाचीत होतो. आपले कोडे सुटेना म्हणजे माणूस दुसऱ्याची सुटलेली कोडी पाहतो. दक्षिण आफ्रिकेच्या टोकावर, केपला, डच कंपनीने १६५२ मध्ये ठाणे घातले. फ्रान्सात प्रॉटेस्टंट लोकांचे संरक्षण १६८५ मध्ये काढून घेतल्यावर त्यांतले ह्यूगेनॉट म्हणविणारे काही लोक १६८८ पासून तेथे जाऊन राहिले. एका-दोन पिढ्यांत त्यांची भाषा गेली आणि नावे डच उच्चाराची झाली. ‘ल क्लेर्क’ होते ते ‘दे क्लेर्क’ झाले. तरी त्यांचे वंशज आज आपली मुळे दाखवू शकतात. बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चच्या पुस्तकात मुलाचे नाव, मुलगा असो की मुलगी, लिहिले जाई, आणि लग्न झाले तरी कागदोपत्री बाईचे माहेरचे नाव राही. हे वाचून आम्हांस त्या लोकांचा हेवा वाटला. पण पुढे त्याच पुस्तकांत ‘अँजेला व्हान बंगाल’ भेटली. बंगालची अँजेला. गुलाम म्हणून केपला विकली गेलेली ही स्त्री १६६६ मध्ये मुक्त झाली, १६६९ मध्ये तिने बासोन नावाच्या एका गोऱ्याशी विवाह केला, आणि आज स्वतःस अस्सल युरोपियन समजणाऱ्या किती तरी घराण्यांची ती मूळ आजी आहे. तिच्या मुक्ततेचा कागद आहे, लग्नाचा आहे. बंगाल्यात तिच्या आईने तिला कोणत्या नावाने हाक मारली असेल, ते कोठेही नाही. तेथून पुढे आम्ही हेवा करणे सोडले.

अकोल्याच्या तरुणास दुसरे पत्र लिहिले. या वेळी सहा ओळी पुरल्या नाहीत. त्याचे उत्तर मात्र एका ओळीचे आले : “आजी आहे. अवश्य या.”

वंशावळीची नळी घेऊन आम्ही गेलो. मोर्णेपलीकडे जुन्या शहरात एका बोळात त्यांचे घर. आजी म्हणजे त्या मुलीची सून, वय नव्वद; डोळ्यांनी अधू, पण कान तिखट आणि स्मरण त्याहून. नात्याने त्या आमच्या काकू लागतात, हे सत्तरीच्या उंबरठ्यावर आम्हांस प्रथमच कळत होते. आम्ही नमस्कार केला, नाव सांगितले. त्यांनी आमच्या चेहऱ्याकडे थोडे न्याहाळून पाहिले.

“वकिलांचे का तुम्ही? मग तुमच्या आजोबांचीच मनीऑर्डर यायची.”

“कसली मनीऑर्डर, काकू?”

“अहो, भाऊबीजेची. सासूबाईंना. दहा रुपये, दर वर्षी, अमरावतीहून. पोस्टमन आला म्हणजे त्या आत जाऊन पदर नीट करून येत आणि मग सही करीत. एका वर्षी आली नाही. तेव्हा त्यांनी ओळखलं.”

आमचे आजोबा १९५८ साली वारले. त्यांच्या हिशेबाच्या वह्या आमच्याजवळ आहेत. घरी परतल्यावर आम्ही प्रत्येक दिवाळीची पाने पाहिली. भाजी आहे, तेल आहे, फटाके आहेत. ते दहा रुपये कोठेही नाहीत.

“त्या पैशाचं त्या काय करीत?” आम्ही काकूंना विचारले.

“राजराजेश्वराला नेऊन देत. घरात एक पै वापरली नाही, आणि आम्ही काही श्रीमंत नव्हतो बरं का. मी एकदा म्हटलं, नको असतील तर परत पाठवा. तर म्हणाल्या, परत केले तर भाऊ तुटेल, आणि खर्चले तर वावर फिटेल.”

म्हणजे त्यांस वावर ठाऊक होते. सहा वर्षांची पोर आईचे बोट धरून गाव सोडते, आणि त्रेसष्ट वर्षांची होईपर्यंत दर भाऊबीजेस सही करते. आमचे आजोबा तिच्याहून दोन वर्षांनी मोठे. एका अंगणात दोघे वाढली. १९३१ मध्ये तांबड्या शाईत लेखणी बुडविताना तिचे घर अकोल्यात कोठे आहे ते त्यांस पोस्टाच्या पत्त्यासकट माहीत होते. आमच्या काही आप्तांनी ही हकीकत ऐकून आजोबांचा कैवार घेतला : त्या काळी निर्वंश म्हणजे पुत्र नाही एवढाच अर्थ, त्यात लपवाछपवी कसली? हे खोटे नाही. पण मग त्या लहान मुलाचे वर्तुळ का गाळले, याला त्यांच्याजवळ उत्तर नाही. ते वर्तुळ काढले असते तर कोणीही विचारले असते, हा कधी वारला, बापाच्या आधी की मागून. आमचे पणजोबा १९३४ पर्यंत हयात होते, आणि वावर तेव्हा त्यांच्याच नावे होते. तो शब्द बापाचा आणि मनीऑर्डर मुलाची, असे आम्ही धरून चाललो आहो. यात आजोबांवरील आमचे प्रेम बोलते, हेही आम्ही जाणतो.

काकूंसमोर जमिनीवर कागद पसरला. तरुणाने चार पिढ्यांची यादी तयार ठेवली होती. पहिल्याने त्या मुलाचे वर्तुळ काढले. त्याचे नाव कोतवाल बुकात आहे. मृत्यूच्या नोंदीत नाव लिहीत, जन्माच्या नोंदीत लिहीत नसत. तो गेला म्हणून त्याचे नाव आम्हांस कळले. मग त्याच्या बहिणीचे वर्तुळ काढले आणि लेखणी थांबली.

“काकू, त्यांचं माहेरचं नाव काय होतं?”

काकू बराच वेळ गप्प राहिल्या. “लग्नात नाव बदललं. सासूबाईंनी आधीचं कधी सांगितलं नाही. आणि आम्ही तरी कुठे विचारलं बाप्पा?”

तरुण म्हणाला, “मग सासरचंच लिहू. अकोल्याच्या सगळ्या कागदांवर तेच आहे.”

“ते नका लिहू तिथे,” काकू म्हणाल्या. “ते आमच्या घरचं आहे. त्यांच्या बापाखाली कसं लिहाल?”

म्हणून ते वर्तुळ तसेच ठेवले, आणि त्याच्यापासून खाली रेघ ओढली. कागदाची कड जवळ होती. त्यांच्या मुलापर्यंत नावे बसली, पुढची बसेनात. तरुणाने आतून एक कोरा ताव आणला, आणि काकूंच्या नातसुनेने चुलीवर मैद्याची खळ करावयास घेतली.